गावपळण सोलापूरपर्यंत

यंदा गावपळण आहे. देवाने कौल दिला, दिवस ठरला आणि गावात जी काय धांदल उडायची ती उडाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मालवणच्या अंगाला असलेल्या आमच्यासारख्या काही मोजक्या गावांत, तीन-चार वर्षांतून एकदा, मार्गशीर्षाच्या थंडीत अख्खं गाव गाव सोडतं. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, कोणी म्हणून मागे राहायचं नाही. देवळातला नगारा वाजला की वेशीबाहेर पडायचं, माळावर झावळ्यांच्या झोपड्या बांधून तीन दिवस काढायचे आणि चौथ्या दिवशी देवाने पुन्हा कौल दिला की परत यायचं. का? तर तेवढे दिवस गाव देवाचं असतं म्हणतात. कोणी म्हणतं भुताखेतांचं. कोणी म्हणतं, हवापालट हो, दुसरं काय! मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे मुलं मला विचारतात, बाई, खरं काय? मी म्हणते, झोपडीत थंडी वाजते हे खरं.

आज दुसरा दिवस. हे लिहितेय तेही झोपडीत बसूनच. बाहेर चुलीवर आईने पेज ठेवली आहे. शेजारच्या झोपडीत भजन आणि पत्ते एकाच वेळी चालू आहेत. ओढ्यापलीकडे आमचं गाव दिसतं. माड आहेत, कौलं आहेत, पण धूर नाही, हाक नाही, कुत्र्याचं भुंकणं नाही. स्वतःच्या घराकडे असं लांबून बघताना काहीतरी विसरून आल्यासारखं वाटतं. काय विसरलं ते मात्र आठवत नाही.

आई मधूनमधून रस्त्याकडे बघते. मी बघितलं की पेजेकडे बघते. ती कोणाची वाट बघतेय ते मला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक आहे, पण बोलायचं कोणी? आम्ही वाट बघतोय काकांची. माझ्या बाबांचे थोरले भाऊ, सोलापूरचे. ते येणार की नाही, आणि आले तर कायमचे की पाहुणे म्हणून, यातलं आम्हाला काहीच माहीत नाही.

आमच्याकडचे पुरुष पोटासाठी मुंबई गाठतात. काकांनीही गाठली होती. तिथल्या गिरणीत एका सोलापूरकराशी दोस्ती जमली आणि त्याच्या मागोमाग ते सोलापूरला गेले, तिथल्या मिलमध्ये सांच्यावर, म्हणजे मागावर, लागले. समुद्राकाठचा माणूस असा कोरड्या मुलखात जाऊन का रुतला, याचं कोडं घरात कोणालाच सुटलं नाही. मिल बंद पडली तरी ते तिथेच. काकी गेल्या तरी तिथेच. मूलबाळ नाही. बाबा होते तोवर पत्र, फोन चालायचे. बाबा गेले आणि घरात आम्ही दोघीच उरलो, आई आणि मी. तेव्हा आईने एक दिवस वाटण वाटता वाटता जाहीर केलं, "थोरल्या माणसाक असा परमुलखात ठेवचा नाय. तेंका घराक हाडूक व्हया."

आता इथे एक गोम आहे. आई काकांशी थेट बोलत नाही. आमच्याकडे जुन्या बायका नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर तोंड उघडत नसत. बाकीच्यांनी ही रीत कधीच माळ्यावर टाकली, आईने मात्र लग्न झाल्यापासून इमानाने सांभाळली. काका समोर बसलेले असले तरी ती मला सांगणार, "बाय, काकांका सांग, च्या निवता." आणि काका ते ऐकून मला सांगणार, "आयेक सांग, पितंय." मी मध्ये टपालपेटीसारखी उभी.

तर मागच्या गावपळणीला आईने डोकं लढवलं. झोपडी बांधण्यापेक्षा सरळ सोलापूरच गाठायचं. "वेशीभायर म्हणजे भायर," ती म्हणाली, "किती भायर, तां देवान खंय सांगल्यान हा?" कोंबड्या मावशीच्या झोपडीत दिल्या आणि आम्ही एसटीत बसलो. पिशवीत उकडे तांदूळ, कुळथाचं पीठ, सोलं आणि कागदाच्या कितीतरी घड्यांत गुंडाळलेले सुके बांगडे. घाट चढेपर्यंत बांगडे गप्प होते. कोल्हापूरला गाडी बदलली आणि पुढे उन्हं तापली तसे ते बोलायला लागले. पुढच्या सीटवरचे गृहस्थ मागे वळून वळून बघत होते आणि आई खिडकीबाहेर बघत होती, जणू वास तिकडूनच येतोय.

सोलापूरला उतरल्यावर पहिल्यांदा काय हरवलं असेल तर पश्चिम. आमच्याकडे पश्चिम विचारावी लागत नाही, ज्या बाजूला समुद्राची गाज ती पश्चिम. इथे चारी बाजूंना सारखंच आभाळ, सारखीच धूळ, सारखंच पांढरं ऊन. आई दिवेलागणीला हात कुठे जोडावेत म्हणून काकांच्या चाळीच्या गॅलरीत गोल फिरली. मग एक उंच चिमणी दिसली, मिलची, धूर नसलेली. तिच्याआड सूर्य गेला. "ही बरी खूण आसा," म्हणून आईने तिकडे हात जोडले. काका हसले. आमच्या मुक्कामात ते मनापासून हसले असे प्रसंग थोडे, त्यातला हा एक.

काकांची खोली एवढीशी, पण लख्ख. भिंतीला बाबांचा आणि काकांचा लहानपणीचा फोटो, एकमेकांच्या शर्टाची बाही धरून उभे असलेले. शेजारी लक्ष्मीअक्का राहायच्या, तेलुगू बोलणाऱ्या, दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या. बांगड्यांचा वास चाळभर गेला तेव्हा त्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "काय वास सुटलाय ओ! काका, तुमचा समुद्र आला वाटतं." नाक मुरडलं की कौतुक केलं, मला अजून नक्की सांगता येत नाही. पण रात्री त्यांनी शेंगांची चटणी आणि कडक भाकरी आणून दिली आणि जाताना एक बांगडा घेऊन गेल्या.

काका मोठ्याने बोलत. सांचाखात्यात आयुष्य गेलेल्या माणसांचं तसंच होतं म्हणे. तिथल्या खडखडाटात एकमेकांशी बोलायचं ते हातांनी आणि ओठांनी. अजूनही बोलता बोलता त्यांचा हात मध्येच उठायचा, तळवा वळायचा, दोन बोटं हलायची, आणि समोरच्याला कळलं असेल असं धरून ते पुढे जायचे. मला काही कळत नसे. मी मान डोलवायची.

एका सकाळी ते आम्हाला मिल दाखवायला घेऊन गेले. दाखवायला म्हणजे काय, एक मोडका दरवाजा, लांबच लांब दगडी भिंत, आत वेड्या बाभळी आणि पत्रा उडालेलं छप्पर. पण काका असे उभे राहिले की जणू लग्नघर दाखवतायत. कोणत्या दरवाजाने पाळी आत जायची, भोंगा कुठे होता, चहा कुठे मिळायचा. मग भिंतीच्या एका भगदाडातून बोट दाखवून म्हणाले, "थंय माजो सांचो होतो. आयकाक येता?"

मी कान दिले. "नाय, काका. कायच नाय."

"तांच तर म्हणतंय. कायच आयकाक येणा नाय."

मग काका मला म्हणाले, पण बोलले आईसाठीच, "आमचीय गावपळणच झाली मगे ती. भायर पडा म्हणान सांगल्यानी. परत येवचो कौल घेवक मात्र कोण गेलोच नाय." आईने पदर सारखा केला. मला रडू यायला लागलं आणि त्याचबरोबर रागही आला, कोणाचा ते कळेना. तिकडे, माझ्या गावातही त्या क्षणी एकही माणूस नव्हता. पण ते गाव चौथ्या दिवशी भरणार होतं.

त्या संध्याकाळी सिद्धेश्वराला गेलो. तळ्याच्या मधोमध देऊळ, बाजूला किल्ल्याची तटबंदी, पाण्यात मासे. पाणी दिसल्याबरोबर आईचा जीव भांड्यात पडला. गाभाऱ्यासमोर तिने हात जोडले आणि आमच्याकडे देवासमोर घालतात तसं मोठ्याने गाऱ्हाणंच सुरू केलं. खरं तर ते पुरुषांनी घालायचं. पण गाववाले माळावर होते, आणि काकांचंच गाऱ्हाणं काकांना घालायला सांगणार कसं? "बा देवा म्हाराजा! आमी तुका वळखणा नाय, तू आमका वळखणा नाय, पण देव म्हटल्यार देवच. ह्यो आमचो माणूस तुज्या गावात रवलो, तेका तू संबाळलंस. आता तेका तेच्या घराक येवची बुद्दी दी रे म्हाराजा!"

आणि मागून काकांचा सांचाखात्यातला खणखणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाण्याच्या प्रत्येक मागण्यामागे गावाने एका सुरात द्यायचा हा होकार. लहानपणापासून अंगात भिनलेला. त्यांच्या तोंडून तो नकळत गेला आणि गेल्यावर ते स्वतःच दचकले. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. काका खाली मान घालून चपला शोधायला गेले. हा 'व्हय' आईच्या मागण्याला होता की नुसती सवय होती? मी आईकडे बघितलं. तिलाही प्रश्नच पडलेला दिसला.

म्हणून मग तुळजापूर. तुळजापूरला देवळाच्या आवारात एक वाटोळा दगड आहे. त्याच्यावर दोन्ही तळवे टेकवायचे आणि मनात प्रश्न धरायचा. दगड उजवीकडे फिरला तर होय, डावीकडे फिरला तर नाही, जागचा हलला नाही तर कामाला उशीर. काकांनी हे मला सांगितलं आणि आईचे डोळे चमकले. म्हणजे कौलच की! आमच्याकडे देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना फुलांच्या कळ्या पाण्याने चिकटवतात आणि प्रश्न घालून वाट बघतात. उजवी कळी आधी पडली तर काम होणार, डावी पडली तर नाही. लग्नं, विहिरी, गावपळण, सगळं त्यावर. आई म्हणाली, "बाय, काकांका सांग, तेंनीच हात लावचे. प्रश्न एकच. घराक येवचा काय नाय."

पायऱ्या उतरून, रांगेत उभं राहून, दर्शन घेऊन आम्ही त्या दगडापाशी आलो. काका बसले. सांचा चालवून चालवून रुंद झालेले तळवे त्यांनी दगडावर ठेवले आणि डोळे मिटले. आई त्यांच्या मागे हात जोडून उभी, मी बाजूला. मला वाटलं काहीच होणार नाही. मग दगड हलला. हळूच, पण चांगला स्पष्ट, उजवीकडे.

मी आनंदाने आईकडे बघितलं तर तिचा चेहरा पडलेला. काकांकडे बघितलं तर ते आईच्या चेहऱ्याकडे बघत होते. मी गोंधळले. माझं काही चुकलं का? पण कौल झाल्यावर त्यावर चर्चा करायची नाही, ही आमच्याकडची दुसरी रीत. तोंड मिटून तिघे पायऱ्या चढलो.

परतीच्या गाडीत मी दोघांच्या मध्ये बसले होते. टपालपेटी तयार होती, पण कोणी काही टाकेना. एकदा काकांनी माझ्याकडे बघून तळवा वर केला आणि दोन बोटं आईच्या दिशेने हलवली. मी त्यांना पाण्याची बाटली दिली. ते क्षणभर बाटलीकडे बघत राहिले आणि मग पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी अक्कलकोटला जाऊन आलो. वडाखाली बसलो, प्रसाद घेतला, सगळं केलं. आईने तिथे गाऱ्हाणं घातलं नाही, नुसता नमस्कार केला. तिसऱ्या दिवशी तिने पिशवी भरली. ज्या कामासाठी आलो त्याचा तिने पुन्हा शब्द काढला नाही. काका स्टँडवर आले. अक्कांनी हुरडा बांधून दिला होता. गाडी सुटताना काका खिडकीपाशी आले, काहीतरी म्हणाले, पण इंजिनाच्या आवाजात ते हातांनी म्हणाले आणि मी मान डोलवली. गाडी वळेपर्यंत ते तिथेच उभे होते.

घरी आल्यावर मी विचारलं, आई, हे काय? ती म्हणाली, "देवीच्या मनात नाय. माणसान हट करू नये." मला वाटलं, असेल काही. कौलातलं मला कुठे काय कळतं! आणि वर्षं जातात, ती कशी जातात हे कोणी विचारू नये. दिवाळीला फोन, गणपतीला फोन. हुरड्याचा वास पिशवीतून कधीच गेला, पण दर मार्गशीर्षात पहाटे गारवा सुटला की मला गाजेऐवजी ती धूर नसलेली चिमणी आठवायची. काहीतरी अर्धवट राहिलंय असं वाटायचं, गणित बरोबर आणि उत्तर चुकलेलं असावं तसं.

यंदा दसऱ्याच्या सुमाराला काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी एकटी सोलापूरला गेले. काका पट्टी बांधून झोपले होते. अक्का विड्या वळता वळता सहज बोलून गेल्या, "मागं तुमी येऊन गेला ना, तवा लई दिवस सामान बांधून बसले होते की ओ काका. तुळजापूरच्या देवीनं जा म्हटलीय म्हणायचे. खोली पण सोडणार होते. मग तुमच्याकडनं कोणी बोलंना. शेवटी ट्रंक उघडली. म्हणले, भावजयीच्या मनात नाई, देवीनं सांगून काय उपयोग?"

घरी येऊन पिशवीसुद्धा खाली न ठेवता मी आईला विचारलं, "आये, तो दगड खंय फिरललो?"

"उजवीकडे."

"मगे उजवो म्हणजे होय ना?"

"कोणाची उजवी?" आई मलाच शिकवायला लागली. "देव आमच्या समोर. आमची उजवी ती देवाची डावी. कौलाक देवाची उजवी बगतत. इतक्या शिकलंस, आणि इतक्याव कळणा नाय तुका?"

आमच्या देवळात देवाची उजवी बघतात, तुळजापूरला हात ठेवणाऱ्याची. आईने एक दगड आपल्या गावच्या रीतीने वाचला, काकांनी त्या गावच्या, आणि दोघांनीही रीत पाळून तोंड मिटलं. मी एक वाटी पालथी घालून तिला दाखवायला बसले की हे बघ, दगड गोल आहे. गोल वस्तू फिरली की तिची पलीकडची कड उजवीकडे जाते तेव्हा अलीकडची डावीकडे जातेच. वाटी फिरवता फिरवता मलाच कळेना की मग होय कशाला म्हणायचं आणि नाही कशाला. आई वाटीकडे बघत होती. अक्का काय म्हणाल्या ते मी सांगितलं तेव्हा मात्र तिने वाटी माझ्या हातातून काढून घेतली, विसळली आणि फळीवर ठेवली. मग म्हणाली, "देव चुकणा नाय." आणि थोड्या वेळाने, "काकांका फोन लाव. सांग, गावपळण ठरली हा. येवा म्हणान."

मी फोन लावला. सगळं सांगितलं, दगड, उजवी, डावी. मग काका म्हणाले, "बगतंय."

आमच्याकडे 'बगतंय' म्हणजे होयही असतं, नाहीही असतं आणि पुष्कळदा काहीच नसतं.

इथवर लिहिलं आणि रस्त्यावर रिक्षा थांबल्याचा आवाज आला. आई उठली नाही, तिने पेजेखालचं लाकूड पुढे सारलं. रिक्षातून आधी एक ट्रंक उतरली, मग चादरीत बांधलेलं गाठोडं, मग काका. काळा चष्मा लावलेले, वाळलेले. ओढ्यापलीकडच्या रिकाम्या गावाकडे बघत ते खूप वेळ उभे राहिले. मग झोपडीपाशी आले आणि मला म्हणाले, "इलंय गो. आता काय?"

"आता काय म्हणजे? बसा."

"बाय," आई चुलीकडे बघत म्हणाली, "काकांका सांग, पाय धुवा. पेज झाली."

ते उरलेले दिवस ती अशीच बोलली, माझ्यातून. काकाही तसेच. ट्रंक झोपडीच्या तोंडाशी होती, न उघडलेली. मला वाटत होतं, हे परत जाणार. देवळातला कौल काय, गावाला मिळेल, यांना कोण देणार? शेजारच्या झोपडीतून कोणी विचारलं, "कदी इलास, किती दिस आसास?" तर काकांनी हाताने काहीतरी सांगितलं आणि तोही माझ्यासारखीच मान डोलवून गेला.

चौथ्या दिवशी सकाळी मानकरी कौल घ्यायला देवळात गेले. सगळा माळ सामान बांधून तयार. कोंबड्या डालग्यात कोंबून झाल्या, त्या आतून कलकलाट करत होत्या. आणि मग पलीकडून नगारा वाजला. कौल झाला! माणसं उठली, गुरं सुटली, पोरं पळत सुटली. काका ट्रंकेवर बसूनच होते. त्यांनी मला विचारलं, "खंयची कळी पडली?"

"उजवी, काका."

"कोणाची उजवी?"

मी पालथा तळवा वाटीसारखा फिरवून बघायला लागले. आणि माझ्या मागून, माझ्याकडे न बघता, मला मध्ये न घेता, आई बोलली.

"भावोजीनू, उजवी ती उजवी. तां कोंब्यांचा डालगा उचला आणि चला घराक."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग उठले, कलकलणारं डालगं खांद्यावर घेतलं आणि अख्ख्या माळाला ऐकू जाईल अशा त्या सांचाखात्यातल्या आवाजात म्हणाले,

"व्हय म्हाराजा!"